पेटीचा दावा

आमच्या लॉ कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यात मोठं भांडण निवडणुकीवरून कधीच झालं नाही. ते व्हायचं पेटीवरून.

कॉलेजची स्वतःची एक पेटी होती. ग्रंथालयात एआयआरच्या, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या कोर्टाच्या निकालांच्या खंडांच्या कपाटावर ती वर्षभर धूळ खात असायची आणि जानेवारी उजाडला की खाली उतरायची. भात्याला एका कोपऱ्यात चिकटपट्टी, आणि मंद्रातला कोमल निषाद एकदा दाबला की वर यायचं नाव नाही. दुसरी पेटी शहापुरातल्या एका मित्राच्या घरची. ती सुरेल होती, पण तिच्यासोबत मित्राचे काकाही यायचे आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. खानापूरकडची पोरं कॉलेजच्या पेटीच्या बाजूनं, शहरातली शहापूरच्या. निपाणी-चिकोडीवाले ज्याचा चहा त्याच्या बाजूनं.

गाव बेळगाव. इथं पंडित रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकून लोकांचे कान तयार झालेले. बेसूर चालवून घेणारं गाव नव्हे हे.

पुरावा कायदा शिकवणारे आमचे सर तालमीत डोकवायचे. "गाणं बसवायलाय की दावा लावायलाय?" असं विचारून खुर्ची ओढायचे आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगायचे, लंडनच्या टेम्पल चर्चची. आम्हाला ती पाठ होती, तरी कुणी उठत नसे.

टेम्पल म्हणजे बॅरिस्टरांची वस्ती. इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल अशा तिथं दोन संस्था, चर्च मात्र दोघींत एकच. 1680च्या दशकात त्यांना नवा ऑर्गन हवा होता. (ऑर्गन म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकातला, पायानं भाता मारायचा ऑर्गन यायचा. हा त्याचा खापरपणजोबा, भिंतभर नळ्यांचा.) मिडलवाल्यांनी फादर स्मिथ नावाच्या कारागिराची बाजू घेतली, इनरवाल्यांनी रेनाटस हॅरिसची. दोघांनी एकाच चर्चमध्ये आपापला ऑर्गन उभा केला. स्मिथचा वाजवायला ब्लो आणि पर्सेल, हॅरिसचा वाजवायला ड्रागी. वकीलच ते, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. एका रात्री हॅरिसच्या माणसांनी स्मिथच्या ऑर्गनचे भाते कापले असंही सांगतात. इथं सर थांबून आमच्या चिकटपट्टीकडे बघायचे. शेवटी निवाडा लॉर्ड चॅन्सेलर जेफ्रीजकडे गेला. हा माणूस फाशीच्या शिक्षांसाठी कुप्रसिद्ध, आणि स्वतः इनर टेम्पलचा. निकाल दिला तो मात्र मिडलच्या स्मिथच्या बाजूनं. 1688 साली सौदा पुरा झाला.

स्मिथच्या ऑर्गनमधली खरी गंमत मी पुढं वाचली. त्यानं काही काळ्या पट्ट्या मधोमध चिरून दोन केल्या होत्या, जी शार्प वेगळा आणि ए फ्लॅट वेगळा. एरवी एकाच पट्टीवर दोघांना भागवावं लागतं. म्हणजे आपल्याकडं श्रुतींवरून जो वाद चालतो, तोच. पेटीत दोन स्वरांच्या मधली जागा नाही, मींड नाही, म्हणून 1940 साली आकाशवाणीनं, म्हणजे ऑल इंडिया रेडिओनं, तिला बाहेर काढलं, ते थेट 1971पर्यंत. सर म्हणायचे, "एका एआयआरनं हाकलली, दुसऱ्या एआयआरनं कपाटावर जागा दिली."

गांधीजी याच इनर टेम्पलचे, 1891चे बॅरिस्टर. लंडनला साहेबी थाट शिकण्याच्या नादात त्यांनी तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं होतं आणि मग सोडून दिलं. 1922 साली इनर टेम्पलनं त्यांचं नाव पटावरून काढलं. दोनच वर्षांनी, 1924च्या डिसेंबरात, ते आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बसले होते आणि त्यांच्यासमोर अकरा वर्षांची एक मुलगी स्वागतगीत गात होती. पुढं ती गंगूबाई हनगल झाली. टेम्पलनं गांधीजींचं नाव पुन्हा पटावर घेतलं ते 1988 साली. तोवर मी तारखा घ्यायला लागलो होतो.

तर ते गॅदरिंग. माझ्या शेवटच्या वर्षी शहापूरचे काका रुसले. कुणीतरी त्यांच्या पेटीवर चहाचा कप ठेवला होता. त्यांनी पेटी कापडात गुंडाळली, रिक्षात घातली, आणि स्वतः मात्र तिसऱ्या रांगेत येऊन बसले. पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश. मराठी नाट्यगीतं झाली, मग गोकाककडची एक मुलगी अक्कमहादेवींचं वचन गायला बसली. पहिली ओळ झाली आणि लाइट गेली. माइक बंद. पेटीवरच्या पोरानं घाबरून नको ती पट्टी दाबली आणि कोमल निषाद अडकला तो अडकला. अंधारात नुसता भुंग्यासारखा घुमतोय.

न्यायाधीश म्हणाले, "कामकाज तहकूब नाही. चालू द्या."

मुलगी चालू ठेवायला तयार होती, पण तो निषाद गप्प बसेना. तेवढ्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी काडी ओढली, तर काका स्टेजवर. त्यांनी पोराला बाजूला सारलं, खिशातून किल्ली काढून पट्टी वर उचलली आणि भात्यावरच्या चिकटपट्टीवर अंगठा दाबून धरला. एवढंच म्हणाले, "गा बाळ." कन्नड त्यांना फारसं येत नव्हतं. वचन संपेपर्यंत ते तिच्या पाठोपाठ, अर्ध्या पावलानं मागं, चालत राहिले. कोर्टात आम्ही आयुष्यभर दाद मागितली. दिलेली दाद कशी असते ते त्या अंधारात ऐकलं.

टेम्पलमधला स्मिथचा ऑर्गन 1941च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आता तिथं वाजतो तो हॅरिसन अँड हॅरिसन कंपनीनं एका स्कॉटिश लॉर्डाच्या नाचघरासाठी बांधलेला, 1954 साली तिथं आणलेला. बांधला कधी, तर 1924 साली. हे कळलं तेव्हा सरांना फोन करावासा वाटला, पण ते त्याआधीच गेले होते.

गेल्या फेब्रुवारीत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेलो. स्टेजवर कीबोर्ड होता. जेवणाआधी ग्रंथालयात डोकावलो. एआयआरचे खंड आता संगणकात, कपाट मात्र जागच्या जागी. वर पेटीही. स्टुलावर चढून भाता उघडला. हवा धरते अजून. कोमल निषाद दाबला आणि खिशात किल्ली चाचपली.