किरु, हाकु की काबुरु?

इंग्रजीतून जपानी शिकताना 'वेअर' या एका शब्दाने वैताग येतो राव. शर्ट, कोट, किमोनो असलं अंगात घालायचं सगळं किरु, पण पँट, मोजे, बूट म्हणजे कमरेखालचं आलं की हाकु, टोपी हेल्मेट काबुरु आणि चष्मा काकेरु. अंगठीला हामेरु किंवा सरळ सुरु म्हणतात, तिथे बरीच सूट आहे.

मला वाटतं इथे इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतूनच विचार केलेला बरा, कारण आपण तरी कुठे साडी घालतो, नेसतो ना, शाल पांघरतो, चष्मा लावतो, त्यामुळे कपड्यागणिक क्रियापद बदलणं आपल्याला काही नवीन नाही. फक्त वाटणी वेगळी, साडीला पण ते किरुच म्हणणार.

गंमत काढताना आहे. शर्ट, बूट, टोपी तिन्हीला नुगु, पण चष्मा, घड्याळ, अंगठीला हाझुसु. आणि कापणे पण किरुच बरं का (कांजी म्हणजे लिहायचं चिनी वळणाचं अक्षर वेगळं, सूर वेगळा), पण रूप चालवलं की घालायचं किते आणि कापायचं कित्ते, घालायचं म्हणताना त्या त वर थांबू नका नाहीतर कोट घालून या म्हणायचं आणि समोरचा कात्री शोधायचा.