गॅस न पेटवता लाडू

सोलापुरातला मे महिना, त्यात दुपारची वेळ. गॅसजवळ उभं राहायची माझी तरी हिंमत नाही. म्हणून आज ना भाजणं, ना पाक, खजुराचे लाडू केले. पाव किलो बिया काढलेला खजूर, बदाम, अक्रोड आणि पंढरपूरहून आलेले बेदाणे. साखर-गूळ काही नाही, चिकटपणा सगळा खजुराचाच.

पहिला घाणा बिघडलाच. अक्रोड एकदम बारीक करायला गेले, मिक्सर तापला, तेल सुटलं आणि भांड्याच्या तळाशी नुसता चिखल. दुसऱ्या वेळी बटण थांबून थांबून दाबलं, रव्याहून जाडसरच ठेवलं. हाताला तुपाचं बोट लावून सुपारीएवढे वळले.

सासूबाई लांबून बघत होत्या. "भाजल्याशिवाय लाडू कसले गं?" एक खाल्ला, मग दुसरा. "गोड लई झालंय. शेंगाचं कूट घाल की थोडं."

सोलापूरकर बाई, दुसरं काय सुचणार! पण डब्यात भाजलेल्या शेंगांचं कूट होतंच, मूठभर घातलं, उरलेलं परत मळलं. गोडी खरंच नेमकी झाली. (त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

एकूण २२ झाले होते. लेक क्लासवरून येऊन गेला, आता डब्यात ९ आहेत.