एका आडव्या वारासाठी सहा महिने

जर्मनीतल्या न्युरेंबर्गला लांब तलवार, म्हणजे दोन हातांनी धरायची जुनी युरोपीय तलवार, शिकायला लागून दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पवित्रे बसले, पाऊल बसलं, खांद्यावरून तिरका येणारा त्सोर्नहाउ महिन्याभरात हातात आला. अडले ते त्स्वेर्खहाउवर, आणि अडले ती पुरते सहा महिने. त्यातले निम्मे तरी वाचले असते असं मला आजही वाटतं.

त्स्वेर्ख म्हणजे आडवं, हाउ म्हणजे वार. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला जर्मन लोक आजही त्स्वेर्खफेल म्हणतात, तोच हा शब्द. मध्ययुगातला जर्मन तलवार-उस्ताद योहानेस लिश्टेनावर, त्याच्या परंपरेतल्या पाच मुख्य वारांपैकी हा एक. त्याच्या सूत्रात म्हटलंय की वरून जे येईल ते हा वार हिरावून घेतो. समोरच्यानं डोक्यावर वार घातला की आपण उजव्या पायानं उजवीकडे उडी घ्यायची, मूठ डोक्याच्या पुढं उंच न्यायची, अंगठा पात्याच्या खाली येईल अशी तलवार फिरवायची आणि मागच्या, म्हणजे आपल्याकडच्या धारेनं त्याच्या डाव्या कानशिलावर मारायचं. मुठीवरची आडवी दांडी त्याचा वार झेलते आणि त्याच क्षणी आपला वार पोचतो. न्युरेंबर्गच्याच गेर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये ३२२७ए क्रमांकाचं जुनं हस्तलिखित आहे. त्याचा अनाम लेखक सांगतो की सगळ्या तलवारीत इतका खरा, इतका तयार आणि इतका चांगला दुसरा वार नाही. ते वाचल्यापासून मला हा वार हवाच होता.

फेडरनं, म्हणजे सरावाच्या बोथट तलवारीनं, सराव करताना तो मला येतोय असंच वाटायचं. समोरच्याच्या मास्कवर टण्णकन लागायचा, तोही मान डोलवायचा. खरी परीक्षा चटईवर असते. लव्हाळ्याची चटई गुंडाळून रात्रभर पाण्यात भिजवायची, निथळायची, खुंटीवर उभी खोचायची आणि धारदार तलवारीनं कापायची. आमच्या क्लबात ही संध्याकाळ तीन महिन्यांतून एकदा आणि माणशी दोनच चटया. त्याआधी प्रशिक्षकाची परवानगी. परवानगीचं मला पटतं, धारेशी खेळ नको. तीन महिन्यांचं मात्र मला कधीच पटलं नाही.

पहिल्या संध्याकाळी तिरका वार लोण्यासारखा गेला. आडवा घातला तर चटई खुंटीवरून उपटून लांब जाऊन पडली. कापलेली खूणसुद्धा नाही, नुसता दुमडलेला वळ. प्रशिक्षक म्हणाला, "हात वर." मी तीन महिने हात वर ठेवून सराव केला. दुसऱ्या संध्याकाळी पातं दोन बोटं आत शिरलं आणि तिथंच रुतून बसलं. पुन्हा तेच, "हात वर, आणि जोर लावू नकोस." माझे हात कपाळाच्या वर होते, शेजारी उभ्या असलेल्यांनीही ते पाहिलं होतं. कोपऱ्यात चार चटया उरल्या होत्या, त्यातली एक मागितली. नियम नियम आहे म्हणाले. त्या रात्री ट्रामनं घरी येताना मला रडू आलं. चटई न तुटल्याचं दुःख नव्हतं. चुकलं कुठे ते कुणालाच सांगता येत नव्हतं आणि विचारायला पुन्हा तीन महिने थांबायचं होतं.

(तलवार रस्त्यानं नेताना पिशवीला कुलूप हवंच, इथला कायदाच तसा आहे. आणि ओल्या चटईनंतर पातं त्याच रात्री पुसून तेल लावा, सकाळपर्यंत गंज धरतो.)

उत्तर मिळालं पलंगाच्या मोडक्या पट्टीत. हातभर लांब, चपटी लाकडी पट्टी. ती मुठीसारखी धरून मी खोलीत आडवा वार केला आणि हाताला हवा लागली, पंख्याच्या पात्याला लागते तशी. म्हणजे पट्टी धारेनं न जाता तिरक्या पोटानं जात होती. फेडर हे सांगत नाही, बोथट लोखंड कसंही लागलं तरी लागतंच. पट्टी मात्र दर वेळी सांगत होती.

मग कारणही कळलं. मी कोल्हापूरची. शाळेत असताना पाच वर्षं वस्तादांकडे लाठीकाठी शिकले. लाठी गोल, तिला धार कुठली? माझ्या हातांना कुठली बाजू पुढं हे विचारायची सवयच नव्हती. शिवाय डोक्यावरून फिरवताना लाठी मागून गरगरत येते. मीही तलवार तशीच मागं नेऊन आणत होते, आणि तेवढ्या वेळात अंगठा अर्धाच वळायचा.

म्हणून सांगते, त्स्वेर्खहाउची सुरुवात अंगठ्यापासून करा. वार सुटायच्या आधी उजवा अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर पूर्ण टेकलेला हवा. मूठ खांद्यापासून सरळ पुढं आणि वर जाते, मागं नाही. डावा हात तळाच्या लट्टूवर सैल ठेवा, आवळलात तर तलवार वळणारच नाही. जाड हातमोज्यांत अंगठा सरकत नाही, तेव्हा आधी उघड्या हातानं पट्टीवर घोटा आणि मगच मोजे चढवा. धार नीट चालली की पन्हळ (मधे लांब चर) असलेलं पातं शीळ घालतं. ती ऐकू येईपर्यंत पाऊल जोडूच नका.

रोज पन्नास वार, तीन महिने. तिसऱ्या संध्याकाळी शीळ आली आणि चटईचा वरचा तुकडा जागेवरच खाली पडला. खालचा बुंधा खुंटीवर तसाच उभा होता, ओल्या गवताचा वास येत होता. मी खाली पडलेला तुकडा उचलून काप पाहिला, अगदी सपाट. प्रशिक्षकानं विचारलं, काय बदललंस? मी अंगठा दाखवला. पुढच्या वेळी नवीन मुलांना त्यानं "हात वर"च्या आधी अंगठा सांगितला, याचा मला कापापेक्षाही अभिमान वाटतो.

दुसरी चटई डावीकडून घेतली. तिथं पुढची धार लागते, अंगठा तसाच खाली. ती निम्मीच तुटली. पट्टी अजून दाराशी ठेवलेली आहे, आता सकाळचे पन्नास डावीकडून.