आमची वाटचाल : पेन्सिलीच्या खुणा वाचत

आमच्याकडे परत आलेला पहिला गठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे. एका मिश्र आवाजांच्या गायकवृंदाला आम्ही एका जुन्या लोकगीताची चार आवाजांची अरेंजमेंट, म्हणजे कुठल्या आवाजानं काय गायचं याची लिहिलेली मांडणी, निवडून दिली होती, २८ छापील प्रती. दीड महिन्यांनी वृंद चालवणाऱ्या कंडक्टरबाईंनी त्या सगळ्या परत पाठवल्या. सोबत एवढंच लिहिलं होतं : "गाणं सुंदर आहे, पण आमच्याच्यानं होत नाही."

व्यवसाय सुरू करून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघंच होतो. माझी भागीदार पियानोवर साथ करायची आणि मी बेसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजात, गायचो. प्रकाशकांच्या याद्यांत हजारो अरेंजमेंट असतात आणि कंडक्टरला त्या चाळायला वेळ नसतो. आपण चाळू, चांगल्या निवडू आणि पोचवू, असा आमचा साधा विचार होता. निवड करायचो रेकॉर्डिंग ऐकून. ऐकताना अंगावर काटा आला की ते गाणं आमच्या यादीत जायचं.

तो गठ्ठा आम्ही टेबलावर पसरला. सोप्रानोंच्या (बायकांचा वरचा आवाज) प्रती जवळजवळ कोऱ्या होत्या. आल्टोंच्या (बायकांचा खालचा आवाज) प्रतींत श्वासाचे चार-दोन स्वल्पविराम होते. टेनरच्या (पुरुषांचा वरचा आवाज) प्रती दोनच, कारण टेनर दोघंच होते. त्या दोन्ही प्रतींच्या तिसऱ्या पानावर मिडल सीच्या (पियानोच्या साधारण मधोमध येणारा स्वर) वरच्या एफ आणि जी या स्वरांभोवती पेन्सिलीची वर्तुळंच वर्तुळं होती. एका ठिकाणी इतक्या वेळा खोडरबर फिरला होता की कागद उजेडात धरला तर पलीकडचं दिसायचं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "श्वास कुठे घ्यायचा?"

त्या संध्याकाळी आम्ही टेनरची ओळ एकटी काढून वाजवली. टेनरला जी लागत नाही असं नाही. पण ही ओळ सलग दोन पानं ई ते जी एवढ्याच पट्ट्यात फिरत होती, खाली उतरायचं नावच नाही. आवाजाचा पल्ला वेगळा आणि वावर वेगळा, हे मला गायक म्हणून ठाऊक होतं, विक्रेता म्हणून मी ते तपासलंच नव्हतं. सगळ्यात वरचा स्वर कोणता हे कोणीही सांगेल. आवाज बहुतेक वेळ कुठे राहतो, हे पाहायला प्रत्येक ओळ स्वतः गाऊन बघावी लागते. आम्ही ऐकलेलं रेकॉर्डिंग कसलेल्या गायकांचं होतं. दोन हौशी टेनर अकरा सोप्रानोंच्या पुढे काय करतात, ते त्यातून कसं कळणार?

सगळ्या प्रतींचे पैसे परत केले आणि कंडक्टरबाईंना एकच विनंती केली : तुमच्याकडे कोणते आवाज किती आहेत आणि प्रत्येक गटाला वर-खाली कुठपर्यंत आरामात जाता येतं, ते लिहून द्या. हा तक्ता मिळाल्याशिवाय आम्ही आजही कुणाला काही सुचवत नाही. सुरुवातीला काही जण नाराज झाले. त्यांना गाणी हवी होती, आम्ही आवाज मोजायला सांगत होतो. पण गाणं आवडलं म्हणून घेतलेली अरेंजमेंट आणि आपल्या आवाजांना बसते म्हणून घेतलेली अरेंजमेंट यांत फार अंतर असतं, आणि ते अंतर गायकाच्या गळ्याला सोसावं लागतं.

त्यानंतर निवडीची आमची रीतच उलटी झाली. आधी टेनर बघायचा, मग आल्टो, मग बेस, आणि सोप्रानो शेवटी. सोप्रानोकडे बहुधा चालच असते, ती सहज जमते. आल्टोचं दुखणं वेगळं. तिला अवघड स्वर नसतात, पण कित्येकदा पानभर दोन-तीन स्वरांवरच ताटकळत ठेवलेलं असतं. अशी ओळ महिनाभर गाणाऱ्या बाईचं मन गाण्यातून उडतं. म्हणून आल्टोची ओळ एकटी गायली तरी तिला स्वतःचा आकार आहे का, हे आम्ही बघतो. चांगला अरेंजर तो आकार देतोच.

माझी भागीदार आणखी एक गोष्ट बघते, जी मला कधी सुचली नसती. प्रत्येक आवाजाला सुरुवातीचा स्वर कुठून मिळतो? आधीच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, तो स्वर पियानोत किंवा दुसऱ्या आवाजात असेल तर गायक बिनधास्त शिरतो. नसेल तर तालमीचा अर्धा वेळ त्या एका बारवर, म्हणजे तालाच्या एका मापावर, जातो.

तीन आवाजांच्या अरेंजमेंटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पुरुष कमी असले की सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांची एकच ओळ असलेली प्रत घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. ती एक ओळ अनेकदा बेसना उंच आणि टेनरना खोल पडते, म्हणजे दोघांचीही गैरसोय. तीन आवाजांसाठीच मुळात विचार करून लिहिलेलं असेल तर ठीक, पण चार आवाजांतला एक नुसता खोडून केलेली प्रत आम्ही ठेवत नाही. पट्टी उतरवण्याचंही तसंच. टेनरसाठी गाणं एक पूर्ण स्वर खाली आणलं की बेसचा खालचा एफ थेट ई फ्लॅटवर जातो, आणि तो हौशी गायकांत फार थोड्यांना स्पष्ट लागतो.

मुखपृष्ठावर 'चार आवाज' लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पान उघडून पाहा. मध्येच सोप्रानो दोन, बेस दोन अशा फुटी निघतात आणि दोन टेनरांपैकी एकेकाला स्वतंत्र ओळ येते. टेनरची ओळ कोणत्या क्लेफमध्ये (कुठल्या रेघेवर कुठला स्वर हे सांगणारी खूण) छापली आहे तेही बघा. खाली बारीक ८ लिहिलेल्या जी क्लेफमध्ये ती एक सप्तक खाली गायची असते. पाच रेघांच्या दोनच संचांत चारही आवाज बसवलेल्या छपाईत तीच ओळ बेसबरोबर एफ क्लेफमध्ये येते. एका पद्धतीला सरावलेला नवखा गायक दुसरीत हरवतो.

चारही आवाज एकाच पानावर दिसणं ही मला फार मोठी सोय वाटते. १५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हिआनो पेत्रुच्चींनी छपाईचे सुटे खिळे जुळवून बहुस्वरी संगीताचा पहिला संग्रह छापला. पण त्या शतकात पुष्कळ संगीत प्रत्येक आवाजाच्या वेगळ्या पुस्तिकांतून निघे आणि गायकाला फक्त स्वतःची ओळ दिसे. चारही ओळी असलेल्या स्वस्त प्रती सामान्य गायकांच्या हातात पडल्या त्या १९व्या शतकात. १८११ मध्ये लंडनला सुरू झालेल्या नोव्हेलो प्रकाशनाचा त्यात मोठा वाटा होता. आल्टोने पेन्सिलीने टेनरच्या ओळीकडे बाण काढून "इथून स्वर घे" असं लिहिलेलं दिसलं की मला त्या छापणाऱ्यांची आठवण होते.

त्या पहिल्या कंडक्टरबाईंना आम्ही नंतर मोत्सार्टचं 'आवे वेरुम कॉर्पुस' सुचवलं. १७९१ मधली अवघ्या ४६ बारांची रचना. सुरुवातीलाच 'सोत्तो व्होचे', म्हणजे दबक्या आवाजात, अशी सूचना आहे. अकरा सोप्रानो दबक्या आवाजात गाऊ लागल्या की दोन टेनर ऐकू येतात, आमचा हिशेब तेवढाच होता, आणि तो बरोबर ठरला. रचना हक्कमुक्त असली तरी एखाद्याने नव्याने केलेल्या अरेंजमेंटवर त्याचा हक्क असतो, हेही तेव्हाच समजावून सांगितलं. जितके गायक तितक्या प्रती घ्यायच्या. एक घेऊन बाकीच्या झेरॉक्स काढणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, मग ओळख कितीही जुनी असो.

कार्यक्रम झाला की प्रत्येक आवाजाची एकेक वापरलेली प्रत आम्ही मागून घेतो आणि बदल्यात कोरी देतो. आता अशा प्रतींनी दोन कपाटं भरली आहेत. कुठलीही अरेंजमेंट सुचवण्याआधी तिच्या जुन्या प्रती काढायच्या आणि वर्तुळं कुठे पडली आहेत ते बघायचं.

आज टेबलावर नवा तक्ता आहे : सोप्रानो ९, आल्टो १२, टेनर १, बेस ५. त्या एकट्या टेनरच्या जोडीला खालच्या पट्टीतल्या दोन आल्टो द्यायचा विचार आहे. भागीदार ती ओळ तिसऱ्यांदा वाजवते आहे. २२व्या बारमध्ये ती मिडल सीच्या खालच्या ईपर्यंत उतरते, तिथे आल्टो पोचणार नाहीत. तेवढ्या दोन बारांपुरता बेसमधला एक आवाज वर घेता येईल का, हे विचारणारं पत्र अरेंजरला संध्याकाळपर्यंत पाठवायचं आहे.