चार ओळींची नक्कल आणि फाईना रानेव्स्काया

'वादळ' नावाच्या सोव्हिएत नाटकात मान्का नावाची एक काळाबाजारवाली आहे. क्रांतीनंतरचे टंचाईचे दिवस. चेकाच्या, म्हणजे तेव्हाच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीत तिची उलटतपासणी होते आणि तिचं नाटकातलं काम संपतं. मॉस्कोच्या मोस्सोवेत थिएटरात ही भूमिका अभिनेत्री फाईना रानेव्स्कायाकडे आली, तेव्हा हातातल्या नक्कलेत, म्हणजे लिहून आलेल्या संवादांत, दम नव्हता. नाटककार बिल-बेलोत्सेर्कोव्स्की हयात होते. त्यांच्या संमतीनं तिनं संवाद स्वतः नव्यानं लिहिले. दक्षिणेकडच्या बाजारी रशियनमधलं 'श्शो ग्रीते?', म्हणजे 'काय म्हन्ता?', हे पालुपद तिनं मान्काच्या तोंडी घातलं. अधिकारी प्रश्न विचारतो आणि ही उलट तेच विचारते. कधी बावळटपणाचं सोंग, कधी कांगावा, कधी नुसता वेळकाढूपणा. या प्रवेशाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, तेव्हा रशियन येत नसलं तरी बघाच.

पुढे झालं असं, की लोक मान्कासाठी येऊ लागले आणि तिचा प्रवेश संपला की उठून जाऊ लागले. दिग्दर्शक युरी झवाद्स्की यांनी शेवटी तो प्रवेशच काढून टाकला. झवाद्स्कींना यावरून खलनायक ठरवायची पद्धत आहे. पण मधल्याच एका प्रवेशानंतर प्रेक्षागृह ओस पडत असेल, तर उरलेल्या नटांनी कोणासमोर काम करायचं? रानेव्स्कायाची सगळी कारकीर्द या पेचात अडकलेली आहे. तिला छोटी कामं मिळत, ती त्यांना मोठं करी, आणि मोठी झालेली ती कामं नाटकाला पेलत नसत.

जन्म १८९६चा, आझोव समुद्राकाठच्या तागानरोगचा, म्हणजे चेखवच्याच गावचा. घरचं आडनाव फेल्डमन, वडील श्रीमंत ज्यू व्यापारी. रानेव्स्काया हे नाव चेखवच्याच 'चेरी ऑर्चर्ड' नाटकातल्या नायिकेचं. १९१७ साली घरच्यांनी देश सोडला, ही नाटकापायी मागे राहिली. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची, रंगमंचावर मात्र तिची जीभ अडत नसे. अभिनयाचं खरं शिक्षण मिळालं ते पाव्ला वुल्फ या अभिनेत्रीकडून, क्रिमियातल्या दुष्काळी, यादवीच्या वर्षांत. मॉस्कोत १९३१ साली दिग्दर्शक ताईरोवच्या कामेर्नी थिएटरात काम मिळेपर्यंत ती पस्तिशीला आली होती.

सिनेमात ती आली १९३४ साली, दिग्दर्शक मिखाइल रोम यांच्या 'पिश्का'मधून. फ्रेंच लेखक मोपासाँच्या कथेवरचा मूकपट, भूमिका मादाम लुआझोची. आवाज नाही म्हणून नट तोंडाला येईल ते बोलत. हिनं मूळ फ्रेंच कथा वाचून त्यातली वाक्यं ओठांवर घेतली. फ्रेंच बोलताना ओठांचा चंबू होतो, हनुवटी पुढे येते. रशियन बोलून तो चेहरा मिळाला नसता.

१९४७च्या 'सिंड्रेला'त ती सावत्र आई होती. नाकाचा शेंडा वर ओढण्यासाठी तिनं जाळीदार कापडाचे तुकडे चिकटवले आणि गालांत कापसाचे बोळे कोंबले. बोळे तोंडात असताना शब्द जाड होतात, जीभ फिरत नाही. ती अडचण तिनं लपवली नाही, उलट त्या बाईच्या गुर्मीत मिसळून टाकली. पटकथा येवगेनी श्वार्त्स यांची. आपल्या शब्दांत कोणी भर घातलेली त्यांना खपत नसे, पण हिला त्यांनी मोकळीक दिली. त्याच वर्षीच्या 'वसंत'मध्ये दिग्दर्शक अलेक्सान्द्रोव यांनी तिला एक किरकोळ काम देऊन 'यातून काय करता येईल ते कर' असं सांगितलं. तिनं सहनट रोस्तिस्लाव प्ल्यात्त यांच्याबरोबर संवाद रचले आणि घर सांभाळणारी मार्गारिता ल्वोव्ना उभी केली.

या रीतीचा तोटाही तिनंच भोगला. १९३९च्या 'पोद्किदिश' या चित्रपटात नवऱ्याला म्हटलेलं 'मूल्या, मला वैताग देऊ नकोस' हे वाक्य रस्त्यावरची पोरं आयुष्यभर तिच्या मागे ओरडत राहिली. सलग, मोठी म्हणावी अशी भूमिका पडद्यावर एकच, रोम यांच्याच 'स्वप्न'मधली खाणावळवाली रोझा स्कोरोखोद. चित्रपट तयार झाला आणि १९४१चं युद्ध सुरू झालं. प्रदर्शन १९४३वर गेलं. दिग्दर्शक आयझेनस्टाइनना 'इव्हान द टेरिबल'मध्ये ती येफ्रोसिनियाच्या भूमिकेत हवी होती, पण चित्रपट खात्यानं तिच्या चेहऱ्यावर 'सेमिटिक' असा शेरा मारून नकार दिला. काम सेराफिमा बिर्मानला गेलं. स्टालिन पारितोषिकं मात्र तीन मिळाली. ज्या कामांसाठी मिळाली, ती आज कोणाला आठवत नाहीत.

(तिच्या नावावर इंटरनेटवर फिरणाऱ्या चमकदार वाक्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तिनं स्वतः आठवणी लिहिल्या होत्या, पण फाडून टाकल्या आणि प्रकाशकाची उचल परत केली.)

आता एकच काही बघायचं असेल तर 'पुढे शांतता'. अनातोली एफ्रोस यांनी १९६९ साली बसवलेलं नाटक, टीव्हीसाठीचं चित्रीकरण १९७८चं. पाच मुलं आणि म्हाताऱ्या आईबापांची वाटणी. मराठी प्रेक्षकाला 'ऊन पाऊस' आठवेल. प्ल्यात्त तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तरी नवराबायकोचा जोड शंकेला जागा ठेवत नाही. इथे नक्कल वाढवायची गरजच नाही, भूमिका मुळातच मोठी आहे, आणि ती कमी कमी करत जाते. शेवटी स्टेशनवरचा निरोप. नवरा मुलीकडे दूर निघालाय आणि पुन्हा भेटू या भरवशावर आहे. आपली रवानगी वृद्धाश्रमात होणार हे तिला ठाऊक आहे. ती ते त्याला सांगत नाही.