बार्सिलोनाचे कापलेले कोपरे

बार्सिलोनाला गेलेला माणूस वास्तुरचनाकार गाउदीच्या इमारती पाहिल्याशिवाय परत येत नाही, तसे आम्हीही आलो नाही. सकाळच्या उन्हात त्याच्या साग्रादा फामिलिया या चर्चच्या पूर्वेकडच्या काचांतून निळा-हिरवा उजेड खांबांवर उतरतो, तो पाहताना बोलणं सुचत नाही. पण गाउदीवर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते त्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांबद्दल. या शहराच्या प्रेमात मी पडले ती रस्त्यांमुळे.

हा भाग म्हणजे एशाम्पला. इथल्या इमारतींच्या प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे तिरके छाटलेले आहेत. त्यामुळे चार रस्ते भेटतात तिथे अष्टकोनी मोकळी जागा तयार होते. चालणाऱ्याला नाकासमोर जाता येत नाही, प्रत्येक चौकात थोडं आत वळून रस्ता ओलांडावा लागतो. पहिल्या दिवशी याचा कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या छाटलेल्या बाजूवर औषधाचं दुकान आहे, बेकरी आहे, माल उतरवणारा टेम्पो उभा आहे, कॅफेच्या चार खुर्च्या आहेत आणि दोन आजी काठ्या टेकवून निवांत बोलताहेत. वर पाहिलं की आभाळ दिसतं. एवढ्या दाट वस्तीत ही चैनच म्हणायची.

ही चैन इल्देफोन्स सेर्दा या इंजिनिअरने आखून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्सिलोना तटबंदीत कोंडलेलं होतं. तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात घर बांधायला लष्कराची बंदी, आत हेक्टरी साडेआठशेच्या आसपास माणसं आणि वरून कॉलऱ्याच्या साथी. १८५४ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली. (मुंबईच्या फोर्टचा तट पडला तो १८६०च्या दशकात, म्हणजे जवळजवळ त्याच सुमारास.) सेर्दा कामगारांच्या खोल्यांतून फिरला होता. कोणाच्या वाट्याला किती हवा, किती उजेड येतो याचा हिशेब त्याने मांडला आणि त्यावरून तटाबाहेरचं नवं शहर काढलं. ११३ मीटर बाजूचे इमारतींचे चौकोन, किमान २० मीटर रुंद रस्ते. पुढेमागे वाफेच्या गाड्या रस्त्यांवरून धावतील आणि त्यांना वळायला जागा लागेल म्हणून कोपरे छाटलेले. चौकोनाच्या दोनच बाजूंना इमारती, मधे सगळ्यांसाठी बाग.

ती बाग मात्र राहिली नाही. जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या, मजले चढवले आणि आतल्या जागेत कारखाने व गोदामं भरली. सेर्दा १८७६ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. पुच इ कादाफाल्कसारखे नामवंत वास्तुरचनाकार त्याच्या आराखड्याला कंटाळवाणा म्हणत राहिले आणि स्वतःची देखणी घरं मात्र त्याच्याच रस्त्यांवर बांधत राहिले! हे वाचल्यापासून मला सेर्दाबद्दल फार जिव्हाळा वाटतो.

अलीकडच्या दशकांत पालिकेने यातले काही चौकोन आतून मोकळे केले. रोजेर दे यूरिया रस्त्यावर एका साध्या दारातून, गिरगावातल्या वाडीत शिरावं तसं आत गेलो. मधोमध १८७०च्या सुमाराचा विटांचा जलमनोरा, भोवती झाडं आणि पायथ्याशी उथळ तलाव. पोरं पाण्यात धुमाकूळ घालत होती. चहूबाजूंनी घरांच्या मागच्या गॅलऱ्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज इथे पोचतच नव्हता.

या गोष्टीतला दुसरा माणूस म्हणजे वास्तुरचनाकार आंतोनी रोविरा इ त्रियास. १८५९ मध्ये पालिकेने या नव्या शहराच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेतली ती त्याने जिंकली, पण माद्रिदच्या सरकारने सेर्दाचा आराखडा लादला. ती सल इथे बरीच वर्षं राहिली. ग्रासिया या भागातल्या एका छोट्या चौकात रोविरा ब्राँझमध्ये बाकावर बसलाय आणि त्याच्या पायापाशी जमिनीत त्याचा न झालेला आराखडा, जुन्या शहरातून पंख्यासारखा फाकत गेलेला. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या शेजारी एक मुलगा सँडविच खात बसला होता.

सेर्दाच्या चौकटीतली सगळ्यात सुंदर मंडई याच रोविराने बांधली. सांत आंतोनीची ही लोखंडी मंडई १८८२ची. अख्ख्या चौकोनावर फुलीसारखी आडवी पडलेली, चारही हात चार कोपऱ्यांकडे. नूतनीकरणासाठी खोदकाम झालं तेव्हा खाली जुन्या तटाचा बुरूज सापडला. मंडई २०१८ मध्ये पुन्हा उघडली आणि आता तळघरात उतरून बुरुजाच्या दगडांना अगदी जवळून पाहता येतं. ज्या तटाने शहर कोंडलं होतं, त्याच्याच डोक्यावर मासळी आणि टोमॅटो विकले जातात. रविवारी बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, पोरं पत्त्यांसारखी चित्रं अदलाबदल करत असतात. बाराच्या सुमाराला सगळा मोहल्ला वर्मुत, म्हणजे मसाल्यांची वाइन, प्यायला बाहेर पडतो. सोबत ऑलिव्ह आणि टोमॅटो चोळून तेल-मीठ घातलेला पाव. आल्यागेल्याला कातालानमध्ये ‘बोन दिया’ (शुभ दिन) म्हटलं की चेहरे खुलतात.

कोन्सेल दे सेंत रस्त्याचा मोठा भाग २०२३ मध्ये गाड्यांपासून जवळजवळ मोकळा झाला. छाटलेल्या कोपऱ्यांच्या अष्टकोनात आता झाडं, बाकं आणि खेळणारी मुलं आहेत. सेर्दाला हवं होतं त्याच्या फार जवळचं हे दृश्य आहे. पण अशा रस्त्यावर घरभाडं परवडेल का, ही इथल्या लोकांची खरी काळजी आहे. पर्यटकांना घरं देण्याविरुद्धचे फलक गॅलऱ्यांत लटकलेले दिसतात. नोव्हेंबर २०२८ पर्यंत अशा सगळ्या घरांचे परवाने बंद करण्याचं पालिकेने जाहीर केलंय. जाणार असाल तर हॉटेलातच उतरा आणि अर्धा दिवस तरी तिकिटाविना फक्त कोपरे पाहत चाला.