पंखा फिरताना दिसला पाहिजे: उदगीरहून येलहंका, डाकोटाच्या मागे

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पहिला फोटो दाखवला तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, पंखा बंद पडलाय की ह्याचा. खाली कसं पडंना?"

हसू आलं आणि रागही आला, कारण त्याचं बरोबर होतं. आभाळ स्वच्छ, विमानाच्या कडा धारदार, आणि दोन्ही पंखे लाइट गेल्यावर घरातला फॅन थांबतो तसे थांबलेले. जत्रेत दोऱ्याला टांगलेलं खेळणं दिसावं, तसं डाकोटा हे दोन पंख्यांचं जुनं वाहतूक विमान दिसत होतं. शटर १/१०००वर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडं, ठेवलं होतं. जेट विमानांसाठी ते ठीक, या म्हाताऱ्यासाठी साफ चूक.

ही गोष्ट २०१९च्या एरो इंडियाची. बेंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर १९९६पासून हे प्रदर्शन भरतं, अलीकडे विषम वर्षांत, फेब्रुवारीच्या सुमारास. बहुतेक लोक तेजस आणि सुखोई बघायला जातात. मी गेलो ते वायुसेनेच्या जुन्या डाकोटासाठी. त्याचं नाव 'परशुराम', शेपटीवर क्रमांक व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक, त्याच्या आठवणीसाठी या विमानाला दिलेला. हे विमान आयर्लंडमध्ये भंगारात जाता जाता वाचलं. त्या वेळचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि डाकोटाचे वैमानिक राहिलेल्या आपल्या वडिलांच्या नावाने वायुसेनेला भेट दिलं. एप्रिल २०१८मध्ये ते कॉव्हेंट्रीहून निघून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला पोचलं. सत्तरी ओलांडलेलं यंत्र! आमच्याकडं तेवढ्या वयाच्या माणसाला एसटीनं तुळजापूरला एकटं पाठवत नाहीत.

आता शटरचं गणित, कारण सगळी मेख इथंच आहे. डाकोटाच्या इंजिनाचे फेरे गिअरमधून कमी होऊन पंख्याला मिळतात. साध्या उड्डाणात पंखा मिनिटाला ११००च्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला १८-१९ फेरे. पाती तीन, दोन पात्यांत १२० अंशांचं अंतर. १/१०००ला पातं जेमतेम सात अंश सरकतं, म्हणून ते गोठलेलं दिसतं. १/१२५ला पन्नासेक अंश सरकतं, फोटोत फिरण्याचा पट्टा उमटतो. १/६०ला जवळजवळ पूर्ण चकती. टायगर मॉथ या जुन्या, छोट्या प्रशिक्षण विमानाचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला आणि वेगानं फिरणारा, त्यामुळे तिथं १/२००लाही फिरण्याचा पट्टा मिळतो. हार्वर्ड या दुसऱ्या जुन्या प्रशिक्षण विमानाचंही तसंच. त्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाच्या जवळ जातात, म्हणून ते असं किंचाळत येतं की कॅमेरा उचलायची सूचना कानालाच मिळते.

पण १/१२५ला विमानाबरोबर अख्खं अंग कमरेतून फिरवावं लागतं. पाय प्रेक्षकांसमोर विमान येईल त्या दिशेला रोवायचे, आधी कंबर मागे पिळायची आणि विमान येईल तशी उलगडायची. बटण दाबल्यावर थांबायचं नाही, विमान निघून गेलं तरी फिरत राहायचं. १/६०ला मी १४० फोटो काढले, धड तीन आले. १/१२५ला दहात एखादा. म्हणून पहिल्या फेरीत १/२५०ला दोन-चार खात्रीचे फोटो घ्या आणि मगच जुगार खेळा.

सराव घरी करा. मी निघायच्या आधी महिनाभर लातूर रस्त्याच्या कडेला लाल एसटी आणि मोटारसायकली टिपल्या. चालवणारा स्पष्ट आणि चाकाच्या तारा पुसलेल्या, असं जमलं की समजावं हात बसला. रस्त्यावरच्या लोकांना मी सरकारी सर्व्हेवाला वाटलो. एकानं तर पीकविम्याचं विचारलं.

दुसरी फजिती धुळीची. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१२५ म्हटलं की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ/१६पर्यंत बारीक होतं, आणि मग सेन्सरवरचा कणन् कण आभाळात काळ्या ठिपक्यासारखा उमटतो. आमच्या काळ्या मातीची धूळ मी येलहंकापर्यंत घेऊन गेलो होतो. घरी आल्यावर ठिपके पुसण्यात दोन रविवार गेले. निघण्याआधी सेन्सर साफ करून घ्या, लेन्स उघड्यावर बदलू नका, आणि दोन-तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच, एका स्टॉपला उजेड निम्मा) घ्या, म्हणजे ॲपर्चर उघडता येतं. आभाळ पांढुरकं असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा, नाहीतर विमान नुसतं काळं. दुपारी धावपट्टीवरून वाफा उठतात तेव्हा जमिनीलगतच्या विमानावर मोठी लेन्स रोखून उपयोग नाही. फोटो थरथरलेलाच येतो, तो दोष कॅमेऱ्याचा नाही. त्या वेळी जेवून घ्या.

डाकोटाचे पंख २९ मीटर लांब आणि वेग संथ, त्यामुळे साधी ७०-३०० मिमीची लेन्स पुरली. टायगर मॉथ मात्र चिमुकलं, त्याला ४०० हवी.

जायचं कसं? नांदेड-बेंगळुरू एक्स्प्रेस परभणी, परळी, लातूर रोडवरून उदगीरला दुपारी येते. बिदर, रायचूर करत पहाटे अंधारात पोचवते. येलहंकाचा थांबा तिकीट काढताना बघून घ्या, पुढं शहरात जाऊन परत यायचा वेळ वाचतो. प्रदर्शनाच्या दिवसांत खोल्या महाग होतात, त्या महिना-दोन महिने आधी धरा. तिकिटांत सगळ्यात स्वस्त हवाई कसरती बघायच्या मैदानाचं असतं, फोटोसाठी तेवढं पुरे. आधार कार्ड जवळ ठेवा, सकाळी लवकर जा. स्वतःची गाडी नेऊ नका. त्याच वर्षी वाहनतळाला आग लागून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतल्या प्रवासापुरती हवीच, टोपी त्याहून हवी.

१/६०ला जमलेल्या तीन फोटोंतला एक मोठा करून आजोबांना नेऊन दिला. आमचं मूळ गाव नळदुर्गच्या बाजूला. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला सोलापूरकडून भारताची फौज आली, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. डोक्यावरून विमान गेलं आणि सगळी पोरं बांधाच्या आडोशाला पालथी पडली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. वाटलं, म्हातारा खूश होईल.

त्यांनी फोटो लांब धरला, चष्मा वर केला. "हे नव्हं ते. त्याला एकच पंखा होता. नाकावर."

बरोबर. त्या मोहिमेत टेम्पेस्ट विमानं होती, एका इंजिनाची. त्यातलं एक दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात उभं आहे. आता तिकडं जायचंय. तिथं शटर कितीही ठेवा, पंखा बंदच दिसणार. मेहुण्याला आधीच सांगून ठेवलंय.